बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाची रचना कशी घडली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनच्या उत्तर भागातील बिल्बाओ शहरात आधुनिक व समकालीन कलेचे गुगेनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये खुले झाले. तेव्हापासून गोव्यात एखाद्या नव्या सार्वजनिक इमारतीची चर्चा निघाली की बोलता बोलता या संग्रहालयाचे नाव निघते. बहुतेकांनी त्याचे छायाचित्र पाहिलेले असते. तो आकार कोणत्या क्रमाने व कोणत्या अडचणींतून घडला आणि त्यामागे कोणाचे निर्णय होते, हे मात्र छायाचित्रातून कळत नाही. गोव्यातील मराठी वाचक, त्यातही स्थापत्याचे विद्यार्थी आणि चित्रकार, या इमारतीविषयी जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

हे संग्रहालय बिल्बाओतच का उभे राहिले?

बिल्बाओ हे बास्क प्रदेशातील सर्वांत मोठे शहर नेर्व्हियोन नदीच्या काठी, जिथे समुद्राची भरती-ओहोटी जाणवते अशा ठिकाणी वसले आहे. परिसरातील लोहखनिजावर ते श्रीमंत झाले. खनिजामागून पोलाद आले आणि पोलादामागून जहाजबांधणी. १९७० आणि १९८०च्या दशकांत हा सारा डोलारा कोसळला. कारखाने बंद पडले, एउस्काल्दुना ही जुनी गोदी बंद झाली, बेकारी वाढली आणि ऑगस्ट १९८३ मध्ये महापुराने जुन्या शहराची दैना केली. डिचोली आणि सांगे भागातील खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद झाल्यावर ट्रक, बार्जेस आणि त्यांवर चालणाऱ्या वर्कशॉपांचे काय झाले हे पाहिलेल्या गोमंतकीय वाचकाला बिल्बाओची ती अवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

शहर पुन्हा उभे करण्यासाठी बास्क सरकारने अनेक कामे हाती घेतली. त्यांपैकी एक म्हणून १९९१ मध्ये सरकारने न्यूयॉर्कच्या सॉलोमन आर. गुगेनहाइम प्रतिष्ठानशी बोलणी सुरू केली. प्रतिष्ठानचे तेव्हाचे संचालक थॉमस क्रेन्स यांना युरोपात विस्तार करायचा होता आणि बास्क सरकारला जगाचे लक्ष वेधणारी संस्था हवी होती. दोघांच्या गरजा जुळल्या.

जागा आधी ठरली की इमारत?

आधी ठरली होती ती वेगळीच जागा. शहराच्या मध्यभागी आलोन्दिगा नावाचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे दारूचे भव्य गोदाम रिकामे पडले होते आणि त्याच्या भिंती राखून आत संग्रहालय करावे, असा मूळ विचार होता. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांना सल्ल्यासाठी बोलावले गेले, तेव्हा ते गोदाम या कामाला योग्य नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले. क्रेन्स यांचेही मत तेच होते. दोघांचीही पसंती ला साल्वे पुलाजवळ, नदीच्या वळणावरील जुन्या औद्योगिक जागेला होती. (आलोन्दिगाचे पुढे, २०१० मध्ये, वेगळे सांस्कृतिक केंद्र झाले. म्हणजे ते गोदामही वाया गेले नाही.)

या संपूर्ण कथेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो. निवडलेली जागा शहराच्या पातळीपेक्षा सुमारे १६ मीटर खाली, नदीलगत होती. एका बाजूने तिच्यावरून वाहतुकीचा पूल जात होता आणि समोर डोंगर होते. सामान्यतः अशा जागेचे दोष मोजले जातात, परंतु इमारतीची पुढील जवळजवळ प्रत्येक गोष्ट या दोषांतूनच निघाली. प्रवेशद्वाराकडे जाण्यासाठी रस्त्यावरून प्रशस्त पायऱ्यांनी खाली उतरावे लागते, कारण शहर उंचावर आणि नदी खाली आहे. इमारत सुमारे ५० मीटर उंच असूनही शहराच्या बाजूने ती आजूबाजूच्या घरांना झाकत नाही. तिचे लांबलचक अंग पुलाखालून पलीकडे जाते आणि तिथे मनोऱ्याच्या रूपाने वर येते, त्यामुळे पूल संग्रहालयाच्या कवेत आल्यासारखा दिसतो. पूल नको म्हणून दुसरी जागा शोधली असती, तर ही इमारत झालीच नसती.

गेरी यांची निवड कशी झाली?

१९९१ च्या उन्हाळ्यात तीन वास्तुविशारदांमध्ये निमंत्रितांची लहानशी स्पर्धा घेण्यात आली: जपानचे आराता इसोझाकी, ऑस्ट्रियाची कूप हिमेलब्लाउ ही संस्था आणि अमेरिकेतून गेरी. प्रत्येकाला १० हजार डॉलर मानधन, जागेची एक भेट आणि सुमारे तीन आठवड्यांची मुदत मिळाली. पूर्ण नकाशे मागितले नव्हते. परीक्षकांना कल्पनेची दिशा पाहायची होती. फ्रँकफर्टमध्ये झालेल्या बैठकीत गेरी यांची निवड झाली. भेटीच्या वेळी हॉटेलच्या कागदावर त्यांनी काढलेली रेखाटने आज प्रसिद्ध आहेत. त्या गुंतागुंतीच्या रेघांत नदी, पूल आणि मनोरा यांचे परस्परांशी असलेले नाते तेव्हाच ओळखू येते.

गेरी कागद चुरगळून टेबलावर टाकत आणि त्यातून इमारत तयार होई, हे खरे आहे का?

नाही. ही लोकप्रिय दंतकथा आहे आणि गेरी यांनी स्वतः ती अनेकदा खोडून काढली आहे. त्यांच्या कार्यालयातील कामाचा क्रम नेमका उलटा होता. प्रथम संग्रहालयाला लागणाऱ्या सर्व जागांची यादी होई: दालने किती, कोणत्या मापाची, चित्रे उतरवून घेण्याची जागा कुठे, सभागृह केवढे, दुकान आणि उपाहारगृह कोणाच्या लगत. या प्रत्येक जागेच्या क्षेत्रफळाइतका लाकडी ठोकळा प्रमाणात कापला जाई आणि ते ठोकळे जागेच्या मॉडेलवर मांडून, हलवून, पुन्हा मांडून पाहिले जात. जागांचे परस्परसंबंध पटल्यावरच कागद, पुठ्ठा आणि लाकूड वापरून बाहेरच्या आकाराचे काम सुरू होई.

मॉडेले एकाच प्रमाणात न करता एकाच वेळी दोन-तीन प्रमाणांत केली जात. लहान मॉडेल पाहताना इमारत सुंदर शिल्पासारखी वाटू लागते आणि वास्तुविशारद त्या खेळण्याच्या प्रेमात पडतो. मोठे मॉडेल शेजारी ठेवले की त्याच आकाराखाली माणूस कसा उभा राहील याचे भान परत येते. १९९१ मधील रेखाटनांपासून १९९३ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत आकार सतत बदलत गेला. प्रकल्पाचे रचनाकार एडविन चॅन आणि त्यांचे सहकारी गेरी यांच्या रेघेला मॉडेलमध्ये उतरवत, गेरी ते मॉडेल कापत, वाकवत, आणि पुन्हा रेखाटन करत. हाताने केलेले हे काम पाहिल्यावर ‘संगणकाने काढलेली इमारत’ हे तिचे वर्णन किती अपुरे आहे ते कळते.

बाहेर इतकी वळणे असताना आत चित्रे लावायची कुठे?

हा प्रश्न चित्रकारांकडून हमखास येतो, आणि तो रास्त आहे. इमारतीचे एकूण क्षेत्र सुमारे २४ हजार चौरस मीटर असून त्यातील सुमारे ११ हजार चौरस मीटर जागा प्रदर्शनासाठी आहे. दालनांची निम्मी संख्या अगदी साध्या, काटकोनी खोल्यांची आहे. बाहेरून चुनखडीचे दगडी आवरण असलेले भाग दिसतात, त्यांच्या आत बहुतेक ही शांत दालने आहेत. वळणदार, अनियमित दालने टायटॅनियम या धातूच्या पातळ पत्र्यांच्या आवरणाखाली आहेत. गेरी यांचा युक्तिवाद असा होता की दिवंगत चित्रकारांना आपली बाजू मांडता येत नाही, म्हणून त्यांच्या कृतींना सरळ भिंती द्याव्यात. हयात कलावंत मात्र अवघड जागेशी झुंज देऊ शकतात.

सर्वांत मोठे दालन सुमारे १३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे, मध्ये एकही खांब नाही आणि ते ला साल्वे पुलाखालून जाते. एवढ्या जागेत साधारण आकाराची चित्रकृती हरवून जाते, ही टीका मला योग्य वाटते. शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी २००५ मध्ये तिथे गंजलेल्या पोलादाच्या प्रचंड, वळणाऱ्या भिंतींची शिल्पमालिका उभी केली, तेव्हा कुठे त्या दालनाला त्याच्या तोलाची कृती मिळाली.

सर्व दालने मध्यभागी असलेल्या उंच चौकाभोवती गुंफली आहेत. जिने, काचेच्या लिफ्ट आणि वळणारे पूल या चौकातून जातात, त्यामुळे प्रत्येक दालन पाहून झाल्यावर माणूस परत उजेडात येतो आणि काचेतून नदी पाहतो. मोठ्या संग्रहालयांत येणारा थकवा या साध्या योजनेने बराच कमी होतो.

संगणकाचे नेमके काम काय होते?

आकार शोधण्यासाठी संगणक वापरला गेला नाही. तयार झालेला आकार बांधणाऱ्यांपर्यंत अचूक पोहोचवणे हे त्याचे काम होते. बार्सिलोनात १९९२ च्या ऑलिम्पिकसाठी गेरी यांनी समुद्रकिनाऱ्यावर माशाचे प्रचंड शिल्प योजले, तेव्हा त्याची वळणे नेहमीच्या आराखड्यांत मांडता येईनात. त्यांचे सहकारी जिम ग्लिम्फ यांनी शोध घेऊन विमाने घडवण्यासाठी वापरला जाणारा, फ्रान्सच्या दासो कंपनीचा ‘कॅटिया’ हा संगणकीय कार्यक्रम कार्यालयात आणला. मासा वेळेत उभा राहिला आणि तीच पद्धत बिल्बाओला वापरली गेली.

पद्धत अशी होती. हाताने केलेल्या अंतिम मॉडेलच्या पृष्ठभागावर यांत्रिक हाताचे टोक फिरवून एकेक बिंदू नोंदवला जाई. त्या बिंदूंमधून संगणक पृष्ठभाग तयार करी. मग त्या माहितीवरून यंत्राने नवे मॉडेल कापून ते मूळ मॉडेलशी ताडून पाहिले जाई. वळण कुठे बोथट झाले असेल तर ते पुन्हा दुरुस्त होई. यानंतरचा टप्पा स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन समजून घ्यावा असा आहे. केळीचे पान एका दिशेने सहज गुंडाळता येते, पण तेच नारळावर घट्ट बसवू गेले तर ते फाटते किंवा त्याला चुण्या पडतात. धातूच्या पत्र्याचेही तसेच आहे. म्हणून कोणता पृष्ठभाग एकाच दिशेने वळतो आणि कोणता दोन दिशांनी, हे संगणकावर तपासले गेले आणि जिथे शक्य तिथे पृष्ठभाग पहिल्या प्रकारात आणला गेला. दोन दिशांनी वळणारा भाग महाग पडतो, त्यामुळे तो जिथे खरोखर हवा होता तिथेच राहिला. बाहेरून उधळलेली दिसणारी ही इमारत खर्चाच्या बाबतीत इतकी शिस्तशीर राहिली, त्याचे एक कारण येथे आहे.

सांगाडा कसला आहे?

पोलादाचा. जमिनीखाली काँक्रीटच्या पाइल्स, म्हणजे खोल रोवलेले खांब, आहेत आणि त्यांवर पोलादाची जाळी उभी आहे. तिची आखणी शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेच्या अभियंत्यांनी केली. जाळीचे चौक साधारण तीन-तीन मीटरचे असून तिचे बहुतेक तुकडे सरळ आहेत. वळण येते ते त्यावरच्या दुय्यम थरांतून: मुख्य जाळीवर आडवे पाइप, त्यावर उभ्या पट्ट्या, मग जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, पाणी अडवणारा थर आणि सर्वांत बाहेर टायटॅनियम. जवळजवळ प्रत्येक तुकड्याचे माप वेगळे असल्याने ते कारखान्यातच कापून, भोके पाडून साइटवर आले. शहरातील पोलाद आणि जहाजबांधणीचा अनुभव येथे कामास आला. स्थानिक कार्यकारी संस्था म्हणून बिल्बाओच्याच ‘इडोम’ने काम पाहिले. गेरी यांच्या कार्यालयाला स्पेनमधील नियम, कंत्राटदार आणि बाजारभाव कळावेत, यात इडोमचा वाटा मोठा होता. तिचे नाव लोकांच्या तोंडी नाही याची खंत वाटते.

टायटॅनियमच का?

मूळ विचार स्टेनलेस स्टीलचा होता. पण बिल्बाओचे आभाळ बराच काळ ढगाळ असते आणि अशा उजेडात स्टीलचे नमुने निस्तेज दिसत. टायटॅनियमचा एक तुकडा गेरी यांनी कॅलिफोर्नियातील आपल्या कार्यालयाबाहेर लावून ठेवला होता. एका पावसाळी दिवशी तो उबदार, सोनेरी दिसू लागला आणि तिथून निर्णय फिरला. हा धातू महाग असतो. मात्र निविदांच्या काळात रशियातून मोठा साठा बाजारात आल्याने भाव उतरले, आणि पत्रा पातळ वापरता येत असल्याने धातूही कमी लागला. सुमारे ३३ हजार पत्रे बसवले गेले. त्यांची जाडी अर्धा मिलिमीटरही नाही, म्हणून त्यांचा पृष्ठभाग किंचित फुगीर व लाटांसारखा दिसतो आणि वाऱ्यात हलकेच थरथरतो. हा दोष नसून तसेच अपेक्षित होते. नमुना कार्यालयातील दिव्याखाली पाहून चालत नाही, ज्या हवेत इमारत उभी राहणार त्या हवेत तो पाहावा लागतो, हा यातील कामाचा भाग आहे.

खर्च आणि वेळ हाताबाहेर गेला का?

गेला नाही. बांधकामासाठी ठरवलेली सुमारे १० कोटी डॉलरची मर्यादा पाळली गेली आणि १९९३ मध्ये सुरू झालेले काम ऑक्टोबर १९९७ मधील उद्घाटनापर्यंत पूर्ण झाले. याशिवाय कलाकृती खरेदीसाठी ५ कोटी आणि गुगेनहाइम प्रतिष्ठानला २ कोटी डॉलर बास्क प्रशासनाने देऊ केले होते.

संगणकीय आराखड्यामुळे प्रत्येक तुकड्याचे माप आधीच ठाऊक होते, हे एक कारण. दुसरे कारण प्रशासकीय आहे आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चा होत नाही. या कामासाठी स्वतंत्र मंडळ नेमले गेले. त्याचे प्रमुख हुआन इग्नासियो विदार्ते यांच्याकडे निर्णयाचे अधिकार होते आणि वास्तुविशारदाचे कार्यालय शेवटपर्यंत प्रत्येक बदलात सहभागी राहिले. काम चालू असताना कोणीतरी येऊन एक मजला वाढवावा किंवा आवरण बदलावे, अशी सोयच ठेवली नव्हती.

लोकांचा विरोध नव्हता का?

मोठा होता. कारखाने बंद पडत असताना एवढा पैसा परदेशी संस्थेला का द्यायचा, हा प्रश्न कामगारांनी आणि स्थानिक कलावंतांनी विचारला. बास्क शिल्पकार खोर्खे ओतेइसा यांनी प्रकल्पाला कडाडून विरोध केला. उद्घाटनाच्या काही दिवस आधी, संग्रहालयासमोरील जेफ कून्स यांच्या फुलांनी मढवलेल्या कुत्र्याच्या शिल्पाजवळ स्फोटके पेरण्याचा एटा या सशस्त्र संघटनेचा कट एका पोलिसाने उधळला आणि त्यात त्याचा बळी गेला. इमारतीच्या यशामुळे त्या काळच्या आक्षेपांना मूर्खपणा ठरवणे अन्यायाचे होईल. स्थानिक कलेला त्या दालनांत किती जागा मिळते, हा प्रश्न आजही खराच आहे.

अशी इमारत बांधली की शहर आपोआप सुधारते का?

पहिल्या वर्षी सुमारे १३ लाख लोक संग्रहालयात आले. ही संख्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त होती आणि त्यानंतर जगभरच्या नगरपालिकांनी तसाच चमत्कार मागायला सुरुवात केली. परंतु बिल्बाओत नॉर्मन फॉस्टर यांनी रचलेली मेट्रो १९९५ मध्येच सुरू झाली होती. बंदर समुद्राच्या तोंडाकडे हलवले जात होते, नदीतील सांडपाणी शुद्ध करण्याचे काम अनेक वर्षे चालू होते आणि मोकळ्या झालेल्या जमिनींच्या विकासासाठी १९९२ मध्ये स्वतंत्र सार्वजनिक संस्था स्थापन झाली होती. नदी काळी आणि दुर्गंधीयुक्त राहिली असती, तर काठावर टायटॅनियम लावून कोणीही तिथे थांबले नसते.

गोव्यात मांडवीच्या काठी अशी इमारत शोभेल का?

तोच आकार येथे आणून ठेवला तर नाही शोभणार. पणजीत वर्षाला साधारण ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बिल्बाओच्या दुपटीहून अधिक, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत, वाऱ्याबरोबर आडवा. अशा पावसात वळणदार आवरणाचा प्रत्येक सांधा ही गळतीची शक्यता असते. उन्हाळ्यात धातूच्या आवरणाखालील दालने थंड ठेवण्याचा खर्च वेगळाच. शिवाय नदीकाठ किनारी नियमनाच्या कक्षेत येतो आणि तसा तो यावाही.

जागेकडे पाहण्याची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण कांपालला आपल्या डोळ्यांसमोर आहे. मूळ गोमंतकीय घराण्यातील चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी १९८० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाली. तिथेही नदी हाच आरंभबिंदू होता, पण उत्तर वेगळे निघाले. इमारत बुटकी आणि आडवी ठेवली, रस्त्यालगत मांडवासारखे सावलीचे छत आले, आणि तिकीट न काढताही रस्त्यावरून थेट मांडवीपर्यंत चालत जाता येईल अशी वाट मधून काढली. बिल्बाओची इमारत दुरून स्वतःकडे बोलावते. कला अकादमी जवळ गेल्यावर बाजूला होऊन नदी दाखवते. माझा ओढा दुसऱ्या प्रकाराकडे आहे. तरीही पहिल्यामागची मेहनत नीट अभ्यासल्याशिवाय त्याला केवळ दिखाऊ म्हणणे मला पटत नाही.

विद्यार्थ्याने अभ्यास कुठून सुरू करावा?

छायाचित्रांपासून सुरू करू नये. प्रथम संग्रहालयाचा उभा छेद (इमारत वरपासून खालपर्यंत कापल्यासारखी दाखवणारे रेखाचित्र) मिळवून रस्ता, पायऱ्या, मधला चौक आणि नदी यांच्या पातळ्या स्वतःच्या हाताने काढाव्यात. मग कला अकादमीत जाऊन दयानंद बांदोडकर मार्गापासून मांडवीच्या काठापर्यंतचा तसाच छेद पावलांनी मोजून काढावा: छताची उंची, सावली कुठे संपते, कुठे बसावेसे वाटते, पाणी पहिल्यांदा कोठून दिसते. दोन्ही छेद एकाच प्रमाणात, एकाखाली एक ठेवावेत. त्यानंतर आपल्याला ठाऊक असलेली नदीकाठची एखादी जागा घेऊन तेथे हव्या असलेल्या खोल्यांचे पुठ्ठ्याचे ठोकळे प्रमाणात कापावेत. ठोकळ्यांची मांडणी किमान तीन वेगवेगळ्या प्रकारे करून होईपर्यंत बाहेरच्या आकाराचे एकही रेखाटन काढू नये.